मिठाच्या बॅटरीच्या मागावर : खाराघोडा ते डोंगरी बुजुर्ग

बुधवार : बडोदा ते पाटडी

बडोद्याला मावसभावाने गाडी तयारच ठेवली होती. त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं की मला मीठ बघायचंय. "दादा, मीठ बघायला सांगलीहून इथवर आलास? आमच्या फरसाणातलं चाललं नसतं का?" हे वाक्य पुढे रोज ऐकावं लागलं.

सांगलीत आमचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. शिशाच्या बॅटऱ्यांवर दोन पिढ्या निघाल्या, आता लिथियम येतंय, आणि अलीकडे कंपन्यांची पोरं सोडियम-आयन बॅटरीचं चकचकीत पत्रक ठेवून जातात. पत्रकावर समुद्र नि मिठाचा ढीग. लिथियम बाहेरून आणावं लागतं, मीठ आपल्या दारात, म्हणून बॅटरी स्वस्त, असा सरळ हिशोब. धंद्यात इतका सरळ हिशोब दिसला की मी आधी गोदाम बघायला जातो.

अहमदाबादच्या गर्दीत दीड तास गेला. साणंद, विरमगाम मागे पडल्यावर जमीन सपाट होत गेली आणि रस्त्याकडेला ताडपत्री टाकलेले मिठाचे ढीग दिसू लागले. संध्याकाळी पाटडीत मुक्काम. जेवायला बाजरीचा रोटला नि लसणाची चटणी.

गुरुवार : खाराघोडा आणि छोटं रण

खाराघोडा इंग्रजांच्या काळापासूनचं मिठाचं ठाणं. गाव संपतं तिथे रण सुरू होतं, नि रणात रस्ता असा नसतोच, चाकांच्या खुणा असतात. जानेवारी-फेब्रुवारीत जमीन कडक असते. पावसाळ्यात याच जागी पाणी भरतं आणि अगरिये, म्हणजे मीठ पिकवणारी कुटुंबं गावात परततात. पाणी ओसरलं की पुन्हा सगळा संसार घेऊन रणात. भाऊ वाटेत घुडखर दाखवत होता, म्हणजे रानगाढवं. हे सगळं त्यांचं अभयारण्य आहे. मला मात्र लांबवर चमकणाऱ्या सौर पत्र्यांचं कुतूहल होतं.

एका पाट्यावर थांबलो. पाटा म्हणजे मिठाचा वाफा. समुद्र इथून बराच लांब, तरी जमिनीखालचं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट. खारटपणा इथे डिग्रीत मोजतात. समुद्राचं पाणी तीन-साडेतीन डिग्रीचं. इथल्या बोअरला दहा-बाराच्या वरच लागतं. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत, ऊन खाऊ घालत चोवीस-पंचवीस डिग्रीपर्यंत आणलं की मीठ धरायला लागतं. मग महिनोन्‌महिने लाकडी दाताळ्याने खडे मोकळे करत राहायचं. पाट्यावर नवरा-बायको आणि त्यांचा मोठा मुलगा, तिघांची दाताळी चालू होती. पायांत रबरी बूट एकाच्याच.

पंप आधी डिझेलवर चालायचा. आता सरकारी अनुदानातून सौर पंप आलाय, त्यामुळे दिवसाचं डिझेल वाचतं. रात्री मात्र अजून जुनं मशीनच. माझ्यातला दुकानदार जागा झाला. तीन एचपीचा पंप म्हणजे सव्वादोन किलोवॅट. रात्री दहा तास चालवायचा तर बावीस-तेवीस युनिट साठवायला हवीत. त्यातच सोडियमची बॅटरी उन्हाला नि थंडीला लिथियमपेक्षा कमी कुरकुरते. याहून योग्य जागा कुठली? मीठ पिकवणाऱ्याच्या पंपाला मिठाचीच बॅटरी! पत्रकावर छापायला चित्र झकास.

वाफ्याच्या बांधावर बसून आकडे मांडले. युनिटमागे दहा हजार रुपये धरले, तरी नुसती बॅटरी सव्वादोन लाखांची. ती भरायला जास्तीचे पत्रे वेगळे. उलट बाजूला रात्रीचं सात-आठ लिटर डिझेल म्हणजे सहा-सातशे रुपये. हंगामात सव्वाशे-दीडशे रात्री मशीन चाललं तर लाखभर रुपये धुरात जातात. म्हणजे तीनेक हंगामांत बॅटरी फिटते. कागदावर सौदा चांगला आहे.

भावाने हे गुजरातीतून अगरियाला समजावलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, डिझेल शेठ देतो. उधारीवर, कॅन-कॅनने, आणि हंगामाच्या शेवटी मिठातून कापून घेतो. सव्वादोन लाख एकदम कोण देणार? आणि पावसाळ्यात ती बॅटरी ठेवायची कुठे, गावात घर एका खोलीचं.

मिठाचा भाव विचारला. टनाला तीनशेच्या आसपास, म्हणजे किलोला तीस पैसे. तो आठवडी बाजाराच्या भावासारखा रोज बदलत नाही; हंगाम सुरू होताना अंगावर घेतलेल्या रकमेबरोबरच ठरून जातो. पिकवणाऱ्याच्या हातातला माल किती स्वस्त असू शकतो हे इथे पायाखाली दिसतं. देशाच्या मिठापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त मीठ एकट्या गुजरातेतून जातं. टंचाई नावालाही नाही.

झोपडीत एक दिवा आणि मोबाइल चार्ज करायला छोटी शिशाची बॅटरी होती. टर्मिनलवर मिठाचा पांढरा थर चढलेला. मी खिशातल्या रुमालाने पुसून व्हॅसलिन लावायला सांगितलं. आलो त्याचा एवढाच उपयोग झाला म्हणायचा.

शुक्रवार : ध्रांगध्रा

मीठ थेट बॅटरीत जात नाही, ही गोष्ट पत्रकात नसते. सेलच्या रसायनाला सोडियम लागतं ते बहुतेक सोडा ॲशच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या रूपात. ध्रांगध्र्याला त्याचा देशातला सर्वांत जुना कारखाना. १९२०च्या दशकात, संस्थान असताना उभा राहिलेला. आत कोणी सोडत नाही, आम्ही मागितलंही नाही. फाटकासमोरच्या टपरीवर बसलो, आणि तिथे चहा प्यायला आलेल्या एका निवृत्त फोरमननेच सगळी शिकवणी घेतली.

पद्धत सॉल्वेची, १८६१ची. खारट पाण्यात अमोनिया, त्यात चुनखडी भाजून निघालेला कार्बन डायऑक्साइड. अमोनिया पुन्हा पुन्हा फिरतो. टनभर सोड्याला साधारण दीड-पावणेदोन टन मीठ, शिवाय चुनखडी, कोक, वाफेसाठी कोळसा. मिठातला क्लोरीन चुन्याबरोबर कॅल्शियम क्लोराइड होऊन सांडपाण्यात जातो, सोड्याच्या जवळजवळ बरोबरीने. "मीठ तो सस्ता है साहेब, पैसा कोयले में जाता है," फोरमन म्हणाला.

आता युनिटचा हिशोब. एक युनिट वीज साठवणाऱ्या सोडियम-आयन सेलला, कॅथोडचा, म्हणजे सेलच्या धन टोकाचा प्रकार बघून, किलो-सव्वाकिलो सोडा लागतो. कपडे धुण्याच्या भावाने ते चाळीस रुपयांच्या आत बसतं. बॅटरीला लागतो त्या शुद्धतेचा माल महाग पडतो, पण दुप्पट-तिप्पट धरला तरी शंभरच्या घरात. सव्वाकिलो सोड्यामागे दोन किलो मीठ. त्यातून कालच्या माणसाच्या हातात तीस पैशांच्या दराने साठ पैसे. तीन युनिटच्या स्कूटरची आख्खी बॅटरी मिठाची झाली तर रणात पोचतात दोन रुपयांहून कमी. उद्या मिठाचा भाव दुप्पट झाला तरी स्कूटरच्या गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही; अगरियाला मात्र कळेल. तो दुप्पट होणार नाही हे टपरीवर सगळ्यांनाच माहीत होतं.

ध्रांगध्र्यात दगडी काम सुंदर आहे म्हणतात. आम्ही पाहिलं नाही. जामनगर गाठायचं होतं.

शनिवार : मोटी खावडी, मिठापूर, द्वारका

जामनगरहून द्वारकेच्या रस्त्याला मोटी खावडीजवळ रिलायन्सची रिफायनरी सुरू होते ती संपता संपत नाही. याच परिसरात २०२१ला सौर पत्रे, हायड्रोजन, बॅटरी अशा कारखान्यांचं संकुल जाहीर झालं. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी रिलायन्सने शेफिल्डची फॅराडिऑन ही सोडियम-आयनमधली कंपनी दहा कोटी पौंड मूल्याला घेत असल्याचं सांगितलं. भाऊ म्हणाला, "दहा कोटी पौंड मिठाला?" मिठाला नाही रे. कॅथोड काय मिसळायचा, किती तापवायचा, सेल फुगू कसा द्यायचा नाही, त्या पेटंटांना. आमच्या पुण्यातही केपीआयटी या कंपनीने आयसर या विज्ञान संस्थेबरोबर काम करून डिसेंबर २०२३ला आपलं सोडियम-आयन तंत्र जाहीर केलं होतं, तेव्हा मला पहिल्यांदा या प्रकरणाची गोडी लागली.

मिठापुरात शिरताना भावाची कॉलर ताठ झाली. ओखामंडळ हा भाग बडोदा संस्थानाचा, म्हणजे गायकवाडांचा. राजधानीपासून इतका लांब, सौराष्ट्राच्या टोकाला. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत कपिलराम वकील यांनी इथे मिठाचं काम उभं केलं आणि १९३९ला टाटा केमिकल्स आली. मिठाचं गाव, म्हणून मिठापूर. समुद्राच्या पाण्याचे वाफे, दगडी वसाहत, मागे चिमण्या. इथे वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास सोडा होतो. सांडपाण्यातल्या गाळाचं करायचं काय, तर त्यातून सिमेंट करायला लागले. ध्रांगध्र्याच्या फोरमनला हे ठाऊक होतं आणि थोडी असूयाही होती.

एवढा सोडा असूनही हा धंदा निवांत नाही. अमेरिकेत वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर खोऱ्यात आणि तुर्कस्तानात सोडा जमिनीतून खणून निघतो. सॉल्वेची भट्टी लागत नाही, म्हणून तो स्वस्त. तो इथे ओतला जाऊ लागला तेव्हा डिसेंबर २०२४ अखेर केंद्र सरकारला टनाला २०,१०८ रुपये ही किमान आयात किंमत लावावी लागली. आपल्या दारातलं मीठ असून परदेशी सोडा स्वस्त पडतो, मग "लिथियम परकं, सोडियम आपलं" हे इतकं सोपं उरत नाही.

तरी टंचाईची भीती नाही हे खरं. भारतात शंभर गिगावॅट-तासांचे, म्हणजे दहा कोटी युनिटचे सोडियम सेल दरवर्षी झाले, तरी सव्वा लाख टनांच्या आसपास सोडा लागेल. एकट्या मिठापूरच्या मालाचा आठवा हिस्सा. लिथियमच्या बाबतीत असं बोलता येत नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये जम्मूतल्या रियासीचे ५९ लाख टन जाहीर झाले तेव्हा आमच्या व्यापारी ग्रुपवर पेढे वाटायचे बाकी होते. पुढे लिलावाला पुरेसे बोलीवालेच आले नाहीत.

द्वारकेत दर्शन झालं. देवळाबाहेर नारळांचे ढीग बघून मला बॅटरीचं दुसरं टोक आठवलं. लिथियमचा आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतो. सोडियम तसा बसत नाही, त्याला 'हार्ड कार्बन' लागतो, वेड्यावाकड्या पोकळ्यांचा. तो करायला करवंटी हा उत्तम कच्चा माल. युनिटमागे हार्ड कार्बन सव्वाकिलोच्या आसपास. करवंटीचा जाळून उरतो पाव-तिसरा हिस्सा, म्हणजे चार-पाच किलो करवंट्या, म्हणजे तीस-चाळीस नारळ. स्कूटरला शंभर. भाऊ म्हणाला, "मग गाडी घेताना वेगळा फोडायला नको!"

गंमत बाजूला, खरी अडचण इथे आहे. करवंटी कोकणात चुलीत जाते आणि केरळ-तामिळनाडूत कोळसेवाला ती आधीच उचलतो, कारण पाणी गाळायच्या कार्बनला तीच लागते. त्यात पोटॅश नि राख असते ती धुवून काढायची, हजार-बाराशे अंशांच्या पुढे भाजायचं, आणि पोत दर वेळी एकसारखा आणायचा. ग्राफाइट चीनने इतक्या प्रचंड प्रमाणावर करून ठेवलंय की हार्ड कार्बन त्याच्यापुढे महाग पडतो. चीनने डिसेंबर २०२३पासून ग्राफाइटच्या निर्यातीला परवाना लावला तेव्हा इकडे हार्ड कार्बनवाल्यांना जरा हुरूप आला. पण करवंटीच्या भट्ट्या एका रात्रीत उभ्या राहत नाहीत.

रविवार-सोमवार : गाडीत

ओख्याहून थेट नागपूरकडे जाणारी साप्ताहिक गाडी धरली. भाऊ अहमदाबादला उतरला, ठेपल्यांचा डबा माझ्याकडे ठेवून. पुढे सुरत, मग खानदेश, वऱ्हाड. वही काढायला भरपूर वेळ.

सोडियमची खरी लढाई मिठाशी नाही, लिथियमच्या भावाशी आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या आसपास गेलं. आपल्या पैशांत किलोला सहा-सात हजार. लोखंड-फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी सेलला युनिटमागे ते साधारण सहाशे ग्रॅम लागतं. चार हजार रुपये नुसत्या लिथियमचे! त्या दिवसांत सोडियमला पैसे द्यायला जगभर रांग होती. २०२५च्या मध्यावर तेच कार्बोनेट साठ हजार युआनवर आलं. युनिटमागे चार हजारांचे चारशे-साडेचारशे. सोडियमवाल्याला मिठाने दिलेली सगळी सूट त्यात वाहून गेली. एप्रिल २०२५ला अमेरिकेतल्या बेडरॉक मटेरियल्सने गुंतवणूकदारांचे उरलेले पैसे परत करून दुकान बंद केलं, सप्टेंबरात नॅट्रॉनने टाळं लावलं. त्याच वर्षाच्या अखेरीस लिथियम पुन्हा चढायला लागलं. ज्याचा नफा दुसऱ्याच्या मालाच्या भावावर ठरतो, त्याने कारखाना कुठल्या हिमतीवर बांधायचा? बांधू शकतो तो ज्याच्याकडे दोन्ही सेल आहेत. चीनच्या सीएटीएलने २०२१ला १६० वॅट-तास प्रति किलोचा सोडियम सेल आणला, एप्रिल २०२५ला १७५चा. लिथियम महागलं तर हे विकू, नाहीतर ते.

सोडियमची एक बचत मात्र पक्की. लिथियमच्या सेलमध्ये ॲनोडच्या, म्हणजे ऋण टोकाच्या बाजूला तांब्याची फॉइल लागतेच, कारण कमी विद्युतदाबाला लिथियम ॲल्युमिनियममध्ये मुरतं. सोडियम मुरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम आपल्याकडे मुबलक, तांबं मात्र २०१८ला तुतिकोरिनची भट्टी बंद झाल्यापासून आपण आणतो. मिठाच्या ढिगाऐवजी पत्रकावर ही फॉइल छापायला हवी. पण ती दिसायला काहीच नाही.

उलट बाजूला, त्याच युनिटला सेल मोठा आणि जड. म्हणजे फॉइल जास्त, द्रव जास्त, डबा मोठा. शिवाय दाबाची पट्टी लांब: चार व्होल्टपासून दीडपर्यंत उतरतो. आमच्या दुकानातले इन्व्हर्टर त्याच्या अर्ध्यातच 'लो बॅटरी' म्हणून ओरडतील. नवा इन्व्हर्टरही विकावा लागेल. दुकानदाराला त्याचं दुःख नाही, गिऱ्हाइकाला असतं.

भुसावळला केळी घेतली. बडनेऱ्यानंतर झोप लागली.

मंगळवार : तुमसर, डोंगरी बुजुर्ग

नागपुरात रात्र काढून सकाळी भंडारा जिल्ह्यात तुमसर. भाताची मोठी पेठ, रस्त्यावर तुसाचा वास. तिथून तिरोडीच्या फाट्याने वर गेलं की मँगनीजचा पट्टा. नागपूर, भंडारा आणि पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट. नागपूरच्या मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीचं मूळ १८९६च्या एका इंग्रज कंपनीत. डोंगरी बुजुर्ग ही तिची उघडी खाण. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली, लांबून बघितली तरी नजर बसत नाही. इथलं खनिज डायऑक्साइड जातीचं, म्हणून इथेच विजेच्या साहाय्याने मँगनीज डायऑक्साइड काढायचा छोटा कारखाना आहे. आपल्या टॉर्चच्या सेलमधली काळी भुकटी ती हीच. तरी एकूण मँगनीज बहुतेक सगळं पोलादाला जातं, बॅटरीच्या वाट्याला चिमूटभर.

सोडियमच्या एका मोठ्या घराण्याचा कॅथोड निकेल, लोखंड आणि मँगनीज यांचा असतो. लोखंड-मँगनीज आपलं, निकेल आणावं लागतं, तेही महाग. निकेल काढून टाकलं तर सेल स्वस्त होतो पण वीज कमी साठवतो. सबंध प्रवासात मी ज्याच्या मागे होतो ते मीठ या यादीत सर्वांत स्वस्त, सर्वांत मुबलक आणि सर्वांत कमी महत्त्वाचं निघालं.

परतीला तुमसरच्या स्टँडवर ई-रिक्षांची रांग. सगळ्या शिशावर, चार-चार बॅटऱ्यांचा संच, वर्ष-सव्वा वर्षात बाद. समोरच आपल्या धंद्यातलं दुकान दिसलं, शिरलो. ओळख निघायला पाच मिनिटं लागली. मालकांना मी रणापासून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चहा मागवला आणि एकच प्रश्न विचारला : "ते सारं ठीक आहे जी. पण जुनी झाली का कितीत घेतील?"

शिशाचा धंदा चालतो तो यावरच. रिक्षावाला नवा संच घ्यायला येतो तेव्हा जुना समोर ठेवतो आणि किमतीतला पाव हिस्सा तरी तिथेच वळता होतो. त्या भंगारभावामुळे जुनी बॅटरी नाल्यात पडत नाही, दुकानात परत येते. सोडियमच्या मेलेल्या बॅटरीत काढण्यासारखं काय? ॲल्युमिनियमची फॉइल आणि थोडं मँगनीज. निकेल असेल तर भंगारवाला हात लावेल. नसेल तर तो उचलण्याचेच पैसे मागेल. माल स्वस्त ठेवायचा तर भंगारही स्वस्तच होणार. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुना माल गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, पण तुमसरच्या रिक्षावाल्याला हातात किती मिळणार हे नियमात लिहिलेलं नाही.

मालक म्हणाले, त्यांच्याकडेही एक पोरगा पत्रक ठेवून गेलाय, एजन्सी घ्यायची का विचारत होता. आम्ही दोघांनी मिळून त्याच पत्रकाच्या मागे मुद्दे लिहिले : वॉरंटी वर्षांत नको, सायकलमध्ये, म्हणजे किती वेळा भरून रिकामी झाली त्या हिशोबात हवी, इन्व्हर्टर कुठला चालेल त्याची यादी, आणि जुन्या बॅटरीचा किलोमागे परतीचा भाव, लेखी, पाच वर्षांसाठी. त्यांनी फोटो काढून मला पाठवला. तोच मी सांगलीच्या पोराला तिथूनच पुढे पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर अजून यायचंय.